बॉनेटवरची पांढरी फीत

फणस चोरायचा बेत पक्का झाला होता. मुकीबी झाडावर चढणार, तेंडो खाली राखण करणार आणि नम्पीमा हुकूम सोडणार. बारा वर्षांच्या नम्पीमाला तेवढं काम उत्तम जमायचं. तेंडो तिचा धाकटा भाऊ, मुकीबी शेजारचा. शाळेला सुट्टी लागली होती आणि चर्चमागचे फणस पिकून घमघमत होते. पण तिघं निघणार इतक्यात खालच्या वॉशिंग सेंटरवरून आरडाओरडा ऐकू आला. कुणीतरी नम्पीमाच्या आईला शिव्या देत होतं.

तिघं धावत पोहोचली. तिथे गाड्या धुणारी नम्पीमाची आई नन्तुमे ओल्या सिमेंटवर गुडघे टेकून बसली होती. समोर लुबुल्वासाहेबांची भलीमोठी काळी गाडी उभी होती. गेल्याच आठवड्यात साहेबांनी रंग जपायला गाडीवर पारदर्शक फिल्म लावून घेतली होती. मोबाइलच्या काचेवर लावतात ना, तशी, पण अख्ख्या गाडीभर. आता ती बॉनेटवर तीन ठिकाणी उचकटली होती आणि एका जागी बोटभर फाटून निघाली होती.

"हिने फवारा अगदी जवळून मारला, साहेब. मी नको नको म्हणत होतो," साहेबांचे ड्रायव्हर कसुले सांगत होते. हे कसुले म्हणजे मुकीबीचे बाबा.

नन्तुमे हात जोडून म्हणाली की नवी फिल्म आठवडाभर जपायची असते हे तिला ठाऊक आहे, म्हणून तिने फवारा हातातच घेतला नाही. गाडी नुसत्या ओल्या फडक्याने पुसली.

"जिला जन्मात सायकल घेता आली नाही, ती मला गाडी शिकवतेय," साहेब म्हणाले. सगळे हसले. रोज तिच्या डब्यातला कसावा खाणारे तिचे सोबतीसुद्धा हसले. सेंटरचा मालक तर तिला तिथल्या तिथे हाकलायला निघाला होता, पण साहेबांनी त्याला थांबवलं. शुक्रवारपासून कालपर्यंत ते गुलू शहरात होते, गाडी घरात कुलपात होती, म्हणजे गुन्हेगार हीच. आपला चहा होईपर्यंत ती अशीच बसेल, मग पोलीस चौकी, असं म्हणून ते छत्रीखालच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी चहा मागवला.

तेंडोचा चेहरा रडवेला झाला. नम्पीमाने त्याला करकचून चिमटा काढला. "रडलास तर बघ. डोळे पूस नि गाडी बघ."

"कलोलीने घाण केली असेल," तेंडो नाक ओढत म्हणाला. झाडावर ते टकले, थोराड पक्षी बसलेलेच होते.

"त्याने डाग पडतो, मठ्ठा. फिल्म उचकटत नाही," मुकीबी म्हणाला. गाड्यांतलं त्याला बरंच कळायचं.

नम्पीमा बॉनेटपाशी वाकली. एक जागा नाकावर मधोमध होती आणि दोन मागे, आरशांजवळ. प्रत्येक जागेशी चौकोनी चिकट डाग होता आणि त्यावर धूळ बसली होती. पाण्याचा फवारा चौकोन कशाला काढेल? तिने मनातल्या मनात तिन्ही जागा जोडल्या. अशा दोन तिरप्या रेघांत लावलेली पांढरी फीत ती दर शनिवारी रस्त्यावर बघायची, नवरीच्या गाडीवर.

आणि मुकीबी तर दोन दिवस तिचं डोकं खात होता. शनिवारी त्याच्या आत्याचं लग्न झालं, सगळ्यांच्या पुढच्या गाडीत तो बसला आणि आतली हवा इतकी थंड होती की त्याला शिंका आल्या. गाडी कुणाची, हे काही त्याला कुणी विचारलं नव्हतं.

नम्पीमाने त्याच्याकडे पाहिलं. त्याला अजून काहीच उमगलं नव्हतं. स्वतःच्या बापावर कुणाला संशय येतो? त्याला सगळं सांगता आलं असतं. पण साहेबांचा कप अर्धा झाला होता, आणि सांगितलं तर तो जाणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं.

"मुकीबी, लग्नातली ती पांढरी फीत अजून तुझ्या घरी आहे ना? पळत जा नि घेऊन ये. आईला सोडवायचंय."

"फितीने कशी सुटणार मावशी?"

"तू आण रे. तुझ्याइतकं जोरात कोण पळतं?"

मुकीबी खूश होऊन पळाला आणि धापा टाकत फीत घेऊन आला. ती बघताच कसुलेंचा चेहरा उतरला. "ए पोरी, गाडीला हात लावायचा नाही," म्हणत ते पुढे झेपावले. तेंडोने मध्ये पाय घातला आणि कसुले फेसाळ पाण्यात आडवे झाले. लोकांना काय, हसायला निमित्तच हवं होतं.

नम्पीमाने फितीचा मध्य गाडीच्या नाकावर धरला आणि दोन्ही टोकं आरशांकडे नेली. फीत बरोब्बर तिन्ही जागांवरून गेली. फितीवर उरलेल्या एका चिकट टेपला पारदर्शक फिल्मचा बोटभर तुकडा अजून चिकटलेला होता. फाटलेल्या जागी तो नेमका बसला.

"साहेब, शनिवारी तुमच्या गाडीतून नवरी गेली," नम्पीमा म्हणाली. "ही फीत टेपने चिकटवली होती. ओढून काढताना फिल्म निघाली."

गाडी तूच नेली होतीस का, एवढंच साहेबांनी कसुलेंना विचारलं. कसुलेंनी खाली बघत मान डोलावली. मग साहेबांनी किल्ली मागून घेतली आणि अंगातला शर्टही काढायला लावला, कारण तो साहेबांनी दिलेला होता. कसुले बनियनवर उभे राहिले. मघाशी नन्तुमेला हसलेले लोक आता त्यांना हसत होते. नन्तुमेला कुणी 'चुकलं' म्हटलं नाही. मालकाने तिच्या हातात बादली दिली, मागे आणखी एक गाडी थांबली होती.

साहेब मात्र भलतेच खुशीत आले. त्यांनी तिन्ही पोरांना सोडा मागवला. ही मुलगी मोठेपणी वकील होणार, असं त्यांनी जाहीर केलं, आणि आमच्या वस्तीतली पोरं आहेतच हुशार, असं मालकाने लगेच जोडून दिलं.

"आणि फीत आणली कुणी? तू? शाब्बास," साहेब मुकीबीच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. "कुणाचा रे तू?"

मुकीबीने बाटली जमिनीवर ठेवली. तो बाबांजवळ गेला आणि त्याने त्यांचा ओला हात धरला.

"यांचा," तो म्हणाला.

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग म्हणाले, "सख्ख्या बापाला पकडून दिलंस? मग तर दुप्पट शाब्बास." आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मुकीबीने नम्पीमाकडे एकदाच पाहिलं. तिची आई सुटली होती, आणि त्या नजरेने नम्पीमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.