फोटो चालू आहे

मागच्याच्या मागच्या जानेवारीतली गोष्ट. संध्याकाळी अय्युबभाईंचा फोन आला. "सुखदेवराव, जरा हात लावायला येता का? दुर्बीण गच्चीवर न्यायचीय."

जिनतभाभी, म्हणजे त्यांची बायको, गेल्यापासून ती दुर्बीण त्यांच्या पलंगाखाली जुन्या चादरीत गुंडाळून पडली होती. एक-दोनदा मी विषय काढला होता, तर म्हणाले होते, "आकाश काही पळून जात नाही." त्यानंतर मी गप्प बसलो.

आमची रो-हाउसं बिबवेवाडीच्या चढावर आहेत, एकाला एक लागून. मधे सामाईक भिंत. गच्च्यांच्या मधे तर कमरेइतकाच कठडा. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, ते बँकेतून. ईदेला त्यांच्याकडचा शीरखुर्मा आणि बुद्धपौर्णिमेला आमच्याकडची खीर त्याच कठड्यावरून इकडून तिकडे जायची. दुर्बिणीचा नादही तिथूनच लागला. एका उन्हाळ्यात त्यांनी मला शनीची कडी दाखवली आणि मी रात्री जेवायचं विसरलो. सत्यशीला, म्हणजे आमची बायको, अजून ते ऐकवते.

ग्रहांवरून ते दीर्घिकांवर गेले. आपल्या आकाशगंगेपलीकडच्या त्या दुसऱ्या आकाशगंगा. डोळ्याला त्या दिसतच नाहीत. पुण्याच्या उजेडात तर मुळीच नाही. मग दुर्बिणीला कॅमेरा लावायचा, दोन-दोन मिनिटांचे फोटो काढत राहायचे आणि नंतर संगणकावर ते एकावर एक रचायचे. आधी नुसता करडा पडदा दिसतो. मग त्यातून हळूहळू एक पुसट डाग वर येतो, काचेवर कुणी श्वास सोडल्यासारखा. तो उजेड कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथून निघालेला असतो.

या सगळ्यात एकच नियम. फोटो चालू असताना गच्चीवर कुणी पाऊल उचलायचं नाही. पाऊल पडलं की स्लॅब थरथरतो, दुर्बीण हलते, ताऱ्याची रेघ होते. लॅपटॉपवर एक हिरवी रेघ सतत पुढे सरकत असायची. दुर्बीण स्थिर असेल तर ती सपाट, कुणी चाललं की उडी मारणार.

भाभी रोज कामं उरकून वर यायच्या. हातात ट्रे, ट्रेमध्ये लिंबू पिळलेला सुलेमानी चहा. जिन्याच्या दारातून पाऊल बाहेर टाकलं की अय्युबभाई मागे न बघता म्हणायचे, "जिनत, हलू नकोस, फोटो चालू आहे." त्या असतील तिथे थांबायच्या. एकदा तर एक पाय उंबऱ्यावर आणि एक बाहेर, तशाच. डास गालावर बसलेला. मग अय्युबभाई म्हणायचे, "झालं." त्या पुढे येऊन ट्रे ठेवायच्या आणि मला म्हणायच्या, "भाईजान, यांना कोटी कोटी मैलांवरचं दिसतं. घरातला गॅस संपलेला तेवढा दिसत नाही."

त्यांचा घोटा एकदा मोडला होता, तेव्हापासून त्या किंचित लंगडायच्या. त्यांची चाल त्या हिरव्या रेघेवरही ओळखू यायची. एक मोठी उडी, एक छोटी. मोठी, छोटी. आम्ही हसायचो.

असो. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून दुर्बीण वर चढवली. कुठेतरी कुणी पाला जाळला होता, त्याचा वास येत होता. गंगाधाम चौकाकडून ट्रकांची घरघर. अय्युबभाईंनी सगळं जोडलं, रात्री सिंह राशी वर आल्यावर दुर्बीण तिकडे वळवली. तिथे तीन दीर्घिका शेजारीशेजारी आहेत. त्या तिन्हींचा फोटो भाभींना हवा होता, तो राहून गेला होता.

"चालू केला," ते म्हणाले.

आम्ही वेताच्या खुर्च्यांत बसलो. जुन्या सवयीने त्यांनी तीन खुर्च्या मांडल्या होत्या. शहराचा आवाज हळूहळू खाली बसत गेला. थंडी वाढली, मी कानटोपी ओढून घेतली. लॅपटॉपवर हिरवी रेघ सपाट चालली होती.

आणि मग ती उडाली.

मोठी उडी. मग छोटी. मग मोठी.

मी जिन्याच्या दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं, आत अंधार. दारात कुणी नव्हतं. अय्युबभाई मात्र दाराकडे बघतच नव्हते. त्यांची नजर रेघेवर होती आणि चेहऱ्यावर पडद्याचा हिरवा उजेड.

"हलू नकोस," ते अगदी हळू म्हणाले. "फोटो चालू आहे."

रेघ सपाट झाली.

"ट्रक असेल," मी पुटपुटलो.

फोटो पुरा झाला तसे ते म्हणाले, "झालं." रेघ पुन्हा उडाली. मोठी, छोटी, मोठी, छोटी. पावलं आमच्या जवळून गेली. मला लिंबाचा वास आला. ताज्या कापलेल्या लिंबाचा, जानेवारीच्या त्या थंड हवेत. पावलं गच्चीच्या पूर्वेकडच्या कठड्याशी गेली आणि तिथे थांबली. मग काहीच नाही.

मी घरी येऊन सत्यशीलाला काही सांगितलं नाही. झोपही लागली नाही.

तरी दुसऱ्या दिवशी मी गेलोच. तिसऱ्या दिवशीही. भीती वाटत होती, नाही म्हणत नाही. पण खरं सांगू, त्या गच्चीवर जुने दिवस परत आल्यासारखं व्हायचं. अय्युबभाई दाढी करायला लागले होते. इस्त्रीचा शर्ट घालायचे. वाण्याकडून लिंबं आणायचे. रेघेवर पावलं उमटली की त्यांच्या तोंडावर असं काही यायचं की मला माझं लग्न नवं असतानाचं आठवायचं. अशा माणसाला काय सांगणार, की हे बरोबर नाही म्हणून?

मग ते फोटोची वेळ वाढवायला लागले. दोन मिनिटांची पाच केली. पाचाची दहा.

"अहो, दहा मिनिटं?" मी म्हणालो. "शहराच्या उजेडाने पांढराफटक कागद मिळेल. दीर्घिका गेल्या त्यात वाहून."

"जाऊ द्या."

"मग काढताय कशाला?"

त्यांनी रेघेकडे पाहिलं. मग म्हणाले, "फोटो चालू आहे तोवर ती उभी राहते, सुखदेवराव. झालं म्हटलं की निघते."

"कुठे... जिन्याकडे?"

"नाही. येते जिन्याकडून. जाते तिकडे." त्यांनी पूर्वेच्या कठड्याकडे हनुवटी केली. तिथे खाली दोन मजले आणि मग काँक्रीटचा रस्ता. वर सिंह राशी चढत होती.

"आणि पुढे?"

"पुढे रेघ सपाट होते," ते म्हणाले. "पुढचं मला दिसत नाही."

त्यांना खोकला झाला होता. थंडीत तासन् तास बसून अंगात ताप मुरला होता. शाइस्ता, त्यांची मुलगी, वारज्याला असते. तिचा मला फोन आला. "काका, अब्बा डॉक्टरांकडे जायला तयार नाहीत. रोज रात्री गच्चीवर बसतात म्हणे. तुम्ही तरी सांगा ना त्यांना. मी निघतेच आहे इथून, गाडी काढतेय."

मी लगेच गेलो. खालचं दार नुसतं लोटलेलं होतं. वर गेलो तर ते ब्लँकेट गुंडाळून बसलेले, डोळे तापाने चकाकत होते. लॅपटॉपवर फोटो चालू होता आणि घड्याळ अर्ध्या तासाकडे सरकत होतं. रेघ सपाट. पण लिंबाचा वास इतका दाट होता की मी नाक दाबलं. त्यांच्या खुर्चीच्या मागे, अगदी हाताच्या अंतरावर, हवा गार पडली होती. तळघराचं दार उघडल्यावर येते तशी.

"खाली चला, अय्युबभाई," मी कुजबुजलो. "शाइस्ता येतेय."

"बसा ना. आता होईलच." त्यांचा आवाज फार शांत होता. "इतकी रात्र रात्र उभी राहते ती, माझ्यासाठी. आज मी तिला सोडायला जाणार आहे. थोडं पुढपर्यंत."

"कुठे पुढपर्यंत...?"

फोटो पुरा झाला. ते उठले. ब्लँकेट खाली पडलं.

"झालं, जिनत," ते म्हणाले. "चल."

रेघ वेड्यासारखी उडायला लागली. त्यात आता दोन चाली होत्या. एक मोठी-छोटी, मोठी-छोटी. दुसरी जड आणि सारखी. अय्युबभाई चालत होते. त्यांचा उजवा हात अंगापासून थोडा लांब होता, लंगडणाऱ्या माणसाला कोपराशी धरावं तसा. पूर्वेच्या कठड्याशी विटांचा एक ओटा आहे, कुंड्या ठेवायला केलेला. त्यांनी त्याच्यावर पाय ठेवला.

मला धावायचं होतं. पण मधे अख्खी गच्ची होती. मग काय झालं मला ठाऊक नाही. माझा हात आपोआप लॅपटॉपकडे गेला, मी बटण दाबलं आणि ओरडलो, "हलू नका! फोटो चालू आहे!"

अय्युबभाई थांबले. एक पाय ओट्यावर, एक फरशीवर. इतक्या वर्षांची सवय. मान वळवली नाही, हात खाली केला नाही.

रेघ सपाट झाली. पूर्ण सपाट.

मी चवड्यांवर चालत गेलो. त्यांचा डावा दंड धरला. उजव्या बाजूला बघायचं नाही, एवढं एकच मनाशी घोकत होतो. "चला," मी कानाशी म्हणालो. ते लहान मुलासारखे वळले.

"आणि ती?" जिन्यात त्यांनी विचारलं.

"आधी खाली चला."

शाइस्ता पोचली, त्यांना तशीच दवाखान्यात घेऊन गेली. न्यूमोनिया निघाला. बरे झाले, पण तिने त्यांना पुन्हा इकडे येऊ दिलं नाही. वारज्यालाच ठेवून घेतलं. त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे दिली. सकाळी मी दुर्बीण आवरायला वर गेलो तेव्हा लॅपटॉपची बॅटरी संपून पडदा काळा झालेला होता. तो फोटो अर्धाच राहिला. झालं म्हणायला त्या वेळी गच्चीवर कुणी नव्हतं.

सुरुवातीच्या रात्रींचे चांगले फोटो मी एकावर एक रचले. तिन्ही दीर्घिका आल्या, पुसट, पण तिन्ही. मोठी प्रत काढून वारज्याला नेऊन दिली. अय्युबभाईंनी ती मांडीवर घेतली, बराच वेळ बोटाने एकेक दीर्घिका दाखवत राहिले. शाइस्ताच्या मुलीला म्हणाले, "नानीला हा हवा होता." त्या दिवशी आम्ही सगळेच थोडे रडलो. मला वाटलं, संपलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी पहाटे माझ्या गच्चीवर फेऱ्या मारायला लागलो. इकडे चढावर दव चांगलं पडतं. अय्युबभाईंच्या गच्चीची चायना मोझॅक फरशी पहाटे ओली चिंब असते, पत्र्यासारखी चमकते. पूर्वेच्या कठड्याजवळ मात्र दोन ठिकाणी ती कोरडी होती. पावलाएवढ्या दोन जागा. एक नीट सरळ, एक जरा बाहेर वळलेली. बोटं कठड्याकडे. ऊन चढलं की सगळी फरशी वाळायची आणि मग काही कळायचं नाही. दुसऱ्या पहाटे पुन्हा तिथेच.

मी ते कुणालाही सांगितलं नाही. पहाटे तिकडे बघून नमस्कार करायचो आणि फेऱ्या पुऱ्या करायचो. कधीकधी मी ओठ उघडायचो, 'झालं' हा एक शब्द म्हणावा म्हणून. त्या बाईंनी किती उभं राहायचं? मग नजर कठड्यापलीकडे जायची आणि मी तोंड मिटून खाली जायचो.

परवा पहाटे तिथे चार जागा कोरड्या होत्या.

नव्या दोन मोठ्या होत्या. जुन्या दोन्हींच्या डाव्या अंगाला, अगदी लागून. त्यांचीही बोटं कठड्याकडेच.

मी तो शब्द म्हणायला तोंड उघडलं, तसाच खाली आलो आणि इतक्या सकाळी वारज्याला फोन लावला. वाजत राहिला, वाजत राहिला... मग अय्युबभाईंनीच उचलला. आवाज ठणठणीत.

"काय सुखदेवराव, आज गवळ्याच्या आधी?"

"बरे आहात ना?"

"मस्त. फार दिवसांनी रात्रभर गाढ झोप लागली." ते हसले. "स्वप्न पडलं हो. आपल्या गच्चीवर होतो. थंडी नव्हती, काही नव्हतं. नुसता उभा."

"मग?"

"मग काय... पाय उचलावासा फार वाटत होता, पण उचलता येईना. कुणीतरी काहीतरी म्हणायची वाट बघत होतो. तुम्ही शेजारच्या गच्चीवर होतात. तोंड उघडलंत आणि काही न बोलताच खाली गेलात."