वेंगुर्ल्याची हवा

चंद्रशिळा वसाहतीत रोज सकाळी सहा वाजता सगळी हवामापकं उघड्यावर आणून ठेवत आणि त्यांचा काटा एकवीसवर जुळवत. हवेत प्राणवायू एकवीस टक्के असतो. उपकरण चुकू शकतं, उघडी हवा चुकत नाही, म्हणून उपकरणानेच हवेशी जुळवून घ्यायचं, असं तिथे लहान मुलांनाही शिकवलेलं होतं.

विलास घोलपही तेच मानत आला होता. म्हणूनच केळुसकरबाईंच्या गाडीने त्याला हैराण केलं होतं.

"बाई, हा पाचवा सेन्सर."

"चौथा ना रे?"

"पाचवा. मधे एक तुम्हाला न सांगता बदलला. लाज वाटली."

निवृत्त रसायनशास्त्रज्ञ असलेल्या बाईंनी ही जुनी पेट्रोलची गाडी स्वतःच्या हाताने बदलून घेतली होती. एरवी ऑक्सिजन सेन्सर धुराड्यात असतो. त्याच्या एका अंगाला धूर आणि दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा असते. दोहोंतल्या प्राणवायूची तो तुलना करतो. बाईंनी तो इंजिनात हवा शिरते त्या नळीवर बसवला होता आणि तुलनेसाठी त्याला एक बंद कुपी जोडली होती. कुपीत तीस वर्षांपूर्वी वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर भरलेली हवा होती. वरच्या माळावर, विलासच्या गॅरेजात, गाडी निमूट चाले. बाई मुलांना शिकवायला तळवस्तीत उतरल्या, की लाल दिवा लागे.

अखेर विलास त्यांच्याबरोबर खाली उतरला.

तळवस्ती म्हणजे डोंगरांमधली खोल वाटी. दरवर्षीच्या आकलन चाचणीत नापास होणारे तिथे राहत. माळावर घरं तीनशेच. खालचा एक जण पास झाला, की वरच्या यादीतल्या शेवटच्याने सामान बांधायचं. यंदा शेवटचं नाव विलासचं होतं. पण त्याची त्याला काळजी नव्हती. बारा वर्षांत खालून कुणी पास झालं नव्हतं.

रघुदादाच्या दारासमोर लाल दिवा लागला. रघुदादा हा विलासचा थोरला भाऊ. कानाने इंजिन ओळखायला त्यानेच विलासला शिकवलं होतं. बारा वर्षांपूर्वी तापात चाचणी दिली आणि तो खाली आला.

"दादा, दहाचा पाना दे."

दादाने पक्कड आणून दिली.

"पाना मागितला! डोकं कुठे ठेवलंस?"

"वरच राहिलं बघ," म्हणत दादा हसला. त्याने विडी ओठांत धरली आणि काडी ओढली. ती विझली. दुसरी विझली. तिसरीही. "आमच्याकडे काड्या सादळतात, बाई."

वारा नव्हता. बाईंनी पेटी त्याच्या हातातून घेतली, एक काडी मोडून पाहिली. ती कडकडीत कोरडी होती.

"विलास," त्या हळूच म्हणाल्या, "सेन्सर एकही खराब नव्हता."

"मग दिवा?"

"शिखरावरच्या प्राणचाळण्या काय करतात?"

"हवेतून प्राणवायू गाळतात. पोलादाच्या भट्ट्यांना पाठवतात."

"आणि उरतो तो नत्रवायू? तो थंडगार सुटतो. थंड म्हणून जड. पाण्यासारखा उताराने खाली येतो आणि या वाटीत साठतो. इथे सोळा टक्केच प्राणवायू असेल. माणूस मरत नाही, पण त्याला पाना आठवत नाही."

"पण मापकं तर एकवीस दाखवतात."

"इथली इथल्याच हवेशी जुळवतात ना! या दरीत जुनी हवा फक्त माझ्या कुपीत आहे. बाहेरच्या हवेत आणि तिच्यात फरक पडला, की दिवा लागतो. आणि यांची चाचणी कुठे होते?"

"इथेच," विलास म्हणाला.

"मी दोरावरच्या पाळण्याने वर जाऊन चाचणी समितीला घेऊन येते. यांची चाचणी आता वर झाली पाहिजे. तुझा दादा तर डोळे मिटून पास होईल! तू कुपी सांभाळ."

बाई गेल्या. विलास बॉनेटपाशी उभा राहिला. तीनशे घरं, तो हिशोब करत होता. दोनशे नव्याण्णव... पुढचा आकडा पटकन सुचेना. ते त्या हवेमुळे की भीतीमुळे, हे त्याला कळलं नाही.

"चहा घेतोस?" दादाने आतून विचारलं. "साखर किती घ्यायचास रे तू?"

विलासने कुपीचं टोपण फिरवलं. बारीकसा सुस्कारा ऐकू आला. चहा होईपर्यंत त्याने ते उघडंच ठेवलं, मग घट्ट लावलं. लाल दिवा विझला.

समिती आली. तिच्या मापकाने आधी उघड्या हवेत काटा जुळवून घेतला आणि मग एकवीस दाखवले. बाईंनी गाडी चालू केली, बंद केली, पुन्हा चालू केली. दिवा लागला नाही.

"सेन्सर सैल होता, बाई," विलास खाली बघत म्हणाला. "आवळला."

बाईंनी कुपीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. काड्यांच्या पेटीबद्दल त्या बोलू लागल्या, तसा समितीप्रमुखाने त्यांच्या खांद्यावर मायेने हात ठेवला. "वय झालं की असं होतं. तुमची चाचणी सोमवारी घेऊ. तोवर चढउतार नको, इथेच राहा. चाचणीही इथेच."

सगळे गेल्यावर दादाने गाडीच्या टपावर थाप मारली.

"पाच जणांना जमलं नाही ते माझ्या भावाने केलं!"

"पाच जण नव्हे, दादा. पाच सेन्सर."

"तेच ते. माझं शिकवणं फुकट नाही गेलं." त्याने विडी ओठांत धरली आणि पेटीतली नवी काडी ओढली.