सातव्या डावानंतर

वयाच्या नवव्या वर्षापासून लीडिया नोवाचेकनं हेरन्स या बेसबॉल संघाच्या घरच्या सामन्यातला एकही चेंडू चुकवला नव्हता. आणि मे महिन्यातल्या त्या संध्याकाळी, हॉट डॉगच्या रांगेत उभं असताना, तिचा अख्खा अर्धा डाव निघून गेला.

दोष हॉट डॉगचा नव्हता, रांगेचाही नव्हता. दोष होता मैदानाच्या भिंतीवर नव्यानं टांगलेल्या घड्याळाचा. पूर्वी चेंडू टाकणारा पिचर तो हातात घोळवायचा, टोपी सारखी करायचा, उगाच आभाळाकडे बघायचा. तेवढ्यात माणूस हॉट डॉग घेऊन, त्यावर मोहरी लावून, वाटेत दोघांची ख्यालीखुशाली विचारून जागेवर यायचा. आता पंधरा सेकंदांत चेंडू टाकावाच लागे. पोर्ट एडलरसारख्या नदीकाठच्या संथ गावात एवढी कुठं जायची घाई सुटली होती, ते लीडियाला कळत नव्हतं.

तिनं मांडीवर वही उघडली. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात तो कसा खेळला, कसा बाद झाला याची खूण... तीन चौकोन कोरे! शेजारच्या खुर्चीवर एक रुंद खांद्यांचा तरुण बसला होता. त्याच्या कोपराला पीठ लागलं होतं, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

"माफ करा, आत्ता काय काय झालं?" तिनं विचारलं.

"एका उंच माणसानं चेंडू हवेत मारला, तो जाड्यानं पकडला. दुसऱ्यानं जमिनीलगत मारला, तोही जाड्यानंच. तिसरा काहीच न करता हसत हसत आत गेला."

"जाड्या म्हणजे पहिल्या बेसवरचा का?"

"जाड्या म्हणजे जाड्या." तो तिच्या वहीत डोकावला. "तिसरा का हसला ते लिहायला तुमच्याकडे जागा आहे?"

लीडियानं हसू दाबलं. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायचं तिचं काम, तरी हे डोळे कोणत्या रंगाचे आहेत ते तिला चटकन ठरवता येईना. करडे... की हिरवट?

तेवढ्यात भलतंच घडलं. हेरन्सच्या बॅटरचे दोन स्ट्राइक झाले होते, तिसऱ्याला तो बाद होणार होता, आणि तो हातमोज्याचा पट्टा ओढत बसला होता. उलटे आकडे मोजणाऱ्या घड्याळात आठचा आकडा यायच्या आत तयार राहायचं, नाहीतर फुकटचा एक स्ट्राइक, असा नवा नियम. अंपायरनं स्वतःच्या मनगटावर बोट ठेवलं. तिसरा स्ट्राइक — बाद! चेंडू पिचरच्या हातातच होता.

लीडियाची पेन्सिल हवेतच थांबली. "आता काय लिहू? कुणी चेंडू टाकला नाही, कुणी पकडला नाही. हा माणूस पट्टा ओढता ओढता बाद झालाय."

"घड्याळानं बाद केलंय ना? मग एक छोटंसं घड्याळ काढा."

"त्या घड्याळाला मी माझ्या वहीत पाय ठेवू देणार नाही," ती म्हणाली, आणि चौकोन कोराच सोडला. त्यावर तो इतका मनापासून हसला की पुढच्या रांगेतल्या दोन बायका मागे वळून बघू लागल्या.

शेवटच्या डावात मात्र तो खुर्चीच्या कडेवर सरकला. दोन्ही हातांनी समोरचा कठडा धरून, पुढे वाकून बघत राहिला. हेरन्सनं अखेरच्या फटक्यावर सामना जिंकला, लोक उठून निघाले, तरी हा आपला रिकाम्या मैदानाकडे बघतोय.

"पहिल्यांदाच आलात वाटतं?"

"अकरा वर्षं येतोय," तो म्हणाला. "शेवट आज पहिल्यांदा पाहिला."

मग सगळं बाहेर आलं. तो एमेट शुल्टे, गावातल्या एकुलत्या एक बेकरीचा मालक. रात्री दोनला भट्टी पेटवायची म्हणजे नऊला अंथरुणात शिरायलाच हवं, आणि सामने तर पावणेदहापर्यंत रेंगाळायचे. म्हणून नऊपैकी सातव्या डावात सगळं मैदान हातपाय मोकळे करायला, गाणं म्हणायला उभं राहिलं की त्या गडबडीत हा गुपचूप सटकायचा. पुढचं काय झालं ते सकाळी पाव घ्यायला येणारी गिऱ्हाइकं सांगायची, तीही अर्धवट. यंदा घड्याळ आलं, आणि सामने पावणेनऊला संपायला लागले.

"देव त्या घड्याळाचं भलं करो," तो म्हणाला.

लीडियानं आपली पिशवी हळूच खुर्चीखाली सरकवली. तिच्या पिशवीत एक अर्ज होता. तिनंच लिहिलेला, एकसष्ट सह्यांचा — घड्याळ काढून टाका म्हणून.

ही गोष्ट लपून राहणार नव्हतीच. अर्जाची एक प्रत चष्म्याच्या दुकानात, नंबर तपासायच्या तक्त्याखालीच चिकटवलेली होती. आठवड्याभरात एमेटला कळलं. पुढच्या सामन्याला तो कोलाचे, म्हणजे खसखशीचं सारण भरलेले गोड पाव, घेऊन आला आणि म्हणाला, "शत्रूकडचं खाल ना?" लीडियानं दोन खाल्ले. तिच्या आजोळचा हा पदार्थ, आणि तिच्या आईपेक्षाही याच्या हातचा मऊ. हे तिनं आईला आजतागायत सांगितलेलं नाही.

जून असा भांडणातच गेला. ती म्हणायची, बेसबॉल म्हणजे दोन चेंडूंच्या मधली शांतता. तीच कापलीत तर उरलं काय? तो म्हणायचा, शांतता कसली, पिचर खाजवत उभा असतो. ती म्हणायची, तुम्हाला खेळ कळत नाही. तो म्हणायचा, मग शिकवा. आणि ती शिकवायची... वहीवर दोन डोकी इतकी जवळ यायची की चुकून एखादा चेंडू दोघांचाही बघायचा राहायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते त्यांच्याही ध्यानात आलं नाही.

जुलैत एकदा पाचव्या डावात पाऊस आला. मैदानावर ताडपत्री पडली, घड्याळ बंद झालं, निम्मं गाव घरी गेलं. लीडियाकडे एकच रेनकोट होता. तो दोघांच्या डोक्यावर धरला तेव्हा तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागला, आणि दोघांपैकी कुणीच बाजूला झालं नाही. त्याच्या सदऱ्याला ताज्या पावाचा वास होता. पाऊस तासभर पडला.

"तुला झोपायला जायला हवं," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला, आणि हलला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पोर्ट एडलरनं अळणी पाव खाल्ला. एमेट शुल्टे अकरा वर्षांत पहिल्यांदा मीठ घालायला विसरला होता! गावाला एवढं पुरलं. चष्मा दुरुस्तीला आलेला म्हातारा पोस्टमन काउंटरवर वाकून म्हणाला, "लीडिया, पोरी, त्या बेकरला एकदाचं हो म्हणून टाक. आमच्या जेवणाची दशा बघवत नाही." तिचे कान तापले. हो म्हणायला त्यानं आधी काही विचारायला तर हवं!

घड्याळ एका हंगामापुरतंच आलं होतं. ते ठेवायचं की काढायचं, हे छोट्या लीगमधल्या प्रत्येक क्लबनं आपापल्या प्रेक्षकांना विचारून कळवायचं होतं. हेरन्सनं ऑगस्टअखेरच्या शनिवारी, सामन्याच्या आधी, मैदानावरच सभा बोलावली. अर्ज लीडियानं मांडायचा. आदल्या दिवशी दुपारी ती दुकानातल्या प्रतीवरच्या सह्या मोजायला बसली. तीनशे बारा. शेवटची सही गोल, नीटस अक्षरांत होती. एमेट शुल्टे, बेकर.

ती तशीच उठून बेकरीत गेली. तो ट्रे पुसत होता.

"ही तुझी सही आहे?"

"आहे."

"घड्याळ गेलं तर तुला पुन्हा सातव्या डावात उठावं लागेल."

"लागेल." त्यानं ट्रे खाली ठेवला. "पण वहीतले ते कोरे चौकोन बघून तुझा चेहरा कसा होतो, ते मी उन्हाळाभर बघतोय. तुझा खेळ तुला परत मिळू दे, लीडिया. शेवटचे दोन डाव तू मला सकाळी पाव घेताना वाचून दाखव."

तिला एकदम रडू आल्यासारखं झालं. इतका वेडा माणूस तिनं पाहिला नव्हता, आणि इतका आवडलाही नव्हता कुणी. दारातून बाहेर पडताना तिला स्पष्ट कळलं: शेजारची खुर्ची रिकामी ठेवून आठवा आणि नववा डाव बघणं आता तिला जमणार नव्हतं. आणि उद्या तीनशे बारा लोकांसाठी तिला नेमकं तेच मागायचं होतं.

शनिवारी पाच वाजता खुर्च्या भरल्या. क्लबच्या व्यवस्थापक मिसेस पार्मली यांनी तिच्या हातात माइक दिला. लीडियानं अर्ज अगदी प्रामाणिकपणे वाचला, एक शब्द न गाळता, कारण सह्या करणाऱ्यांचा तिच्यावर विश्वास होता. जुन्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मग तिनं कागद खाली घेतला.

"हे तुमचं म्हणणं झालं," ती म्हणाली. "माझं मत मात्र बदललंय. मी घड्याळाच्या बाजूनं हात वर करणार आहे."

सगळीकडे कुजबुज सुरू झाली. "का गं?" मागून पोस्टमनचा आवाज आला.

"मला अजूनही वाटतं की खेळ संथच बरा," लीडिया म्हणाली. "पण... मला आवडणारा माणूस नऊला झोपतो. मला त्याच्या सोबतीनं सामना शेवटपर्यंत बघायचाय. तीनशे अकरा जणांनी मला माफ करावं."

हशा पिकला, शिट्ट्या झाल्या. मिसेस पार्मलींनी हात वर करायला सांगितले. घड्याळ काढा म्हणणाऱ्यांच्या हातांत एक पिठाळ हात दिमाखात वर होता. तो बघून सगळं मैदान पुन्हा हसलं. मोजणी झाली, आणि घड्याळ नऊ मतांनी राहिलं.

एमेट पायऱ्या चढून तिच्यापाशी आला तेव्हा तिकडे खेळाडू चेंडू झेलायचा सराव करत होते. त्याचे कान लाल झाले होते.

"तू मला विचारायला हवं होतंस," तो म्हणाला.

"तूही. सही करायच्या आधी."

"नाही, तसं नव्हे... काल तू गेल्यावर मी माझ्या बहिणीशी बोललो. सामन्याच्या रात्री भट्टी ती पेटवेल, मी पहाटे पाचला गेलो तरी चालेल. घड्याळ गेलं असतं, तरी मी नवव्या डावापर्यंत तुझ्याजवळ बसणारच होतो."

भर सभेत आपण काय बोलून बसलो ते आठवून लीडियाला आधी लाज वाटली, मग हसू आलं, आणि मग इतकं बरं वाटलं की ती मटकन खुर्चीत बसली.

"म्हणजे सामना पावणेनऊला संपणार," ती सावकाश म्हणाली, "आणि तुला झोपायची घाई नाही."

"नाही."

"मग पुढं काय करायचं?"

तो तिच्या शेजारी बसला. "मी तुला घरी सोडीन. नदीकाठानं, चालत."

"माझं घर इथून दहा मिनिटांवर आहे, एमेट."

"मी सावकाश चालतो."

"किती सावकाश?"

"घड्याळ यायच्या आधी तुझे पिचर खेळायचे ना," तो म्हणाला, "तितका."

लीडियानं त्याचा पिठाळ हात आपल्या हातात घेतला आणि सामना संपेपर्यंत सोडला नाही. वहीतल्या खुणा तिनं त्या दिवशी डाव्या हातानं केल्या.