चौथं पातं

"टोबी, काचेवरून हात काढ! तेल लागलंय सगळं!"

"तेल नाही, मोहरीची चटणी आहे," टोबीनं शांतपणे सांगितलं आणि हातातला उरलेला सॉसेज पावासकट तोंडात कोंबला.

हलिनानं घाईघाईनं आपल्या बाहीनंच काच पुसली. आजच्या दिवशी तरी ती लखलखायला हवी होती! अमेरिकेतल्या मिशिगन सरोवराकाठच्या मॅनिटोवॉक गावात, पोलिश मंडळाच्या हॉलमध्ये आज क्यूंचं, म्हणजे बिलियर्ड्ससारख्या 'पूल' खेळात चेंडू मारायच्या लाकडी काठ्यांचं, वार्षिक प्रदर्शन होतं. टेबलांवर मखमल अंथरून, एकेका कारागिरानं हातानं घडवलेल्या क्यू मांडल्या होत्या. काहींची किंमत तर चांगल्या मोटारगाडीपेक्षा जास्त! मोठमोठी माणसं भिंगं घेऊन त्यांच्यावर वाकली होती आणि चर्चमध्ये बोलावं तसं हळू बोलत होती. आणि सगळ्यांच्या मधोमध, या काचपेटीत, जाजांची क्यू होती.

जाजा म्हणजे हलिनाचे आणि टोबीचे आजोबा, स्टॅन गोरेकी. संध्याकाळी सगळे कारागीर मिळून त्यांचा सत्कार करणार होते, कारण ही त्यांची शेवटची क्यू होती. त्यांचे हात आता थरथरायचे. यापुढे दुसरी होणार नव्हती, आणि ही ते कुणालाही विकणार नव्हते.

"तू मघापासून एवढी वाकून काय बघतेस गं?" पाहुआनं विचारलं. पाहुआ वांग हलिनाच्या शेजारीच राहायची. ती दोघांपेक्षा मोठी होती आणि कधीच घाबरायची नाही.

"काही नाही," हलिना म्हणाली.

पण काहीतरी होतं आणि ते फक्त तिला आणि जाजांनाच माहीत होतं. गेल्या हिवाळ्यात, जाजांच्या कारखान्यात, ही क्यू शेवटच्या फेरीसाठी लाकूड तासायच्या यंत्रावर चढवताना त्यांचा हात थरथरला होता. लाकूड केसभर तिरकं बसलं. क्यूच्या फिकट मेपल लाकडात बसवलेली, खालून वर निमुळती होत जाणारी चार काळी पाती होती. त्यातलं एक पातं तांदळाच्या दाण्याएवढं आखूड झालं! जाजांनी यंत्र बंद केलं आणि ते क्यू उचलून शेगडीकडे निघाले. हलिना त्यांच्या दंडाला लोंबकळली होती. "जाजा, नका ना! नका ना टाकू!"

क्यू वाचली, पण जाजांनी तिच्याकडून शपथ घेतली. कुणाला म्हणून सांगायचं नाही! गोरेकीचं पातं आखूड असतं, असं जगात कुणी म्हणायला नको.

प्रदर्शनाच्या पत्रकात छापलेल्या फोटोत ती बाजू मागे होती. पण यंदा आयोजक मिस्टर टेश यांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी पेटीत क्यूच्या खाली आरसा बसवला होता! म्हणूनच हलिना सकाळपासून कासावीस होती. आता ती गुडघ्यांवर बसली आणि आरशात बघू लागली.

चारही पाती सारखी दिसत होती. हुश्श! म्हणजे कुणाला कळत नाही तर!

मग तिनं डाव्या बाजूनं बघितलं. उजव्या बाजूनं बघितलं. एक, दोन, तीन, चार. पाती नुसती सारखी दिसत नव्हती, ती सारखीच होती! अगदी टोकाला टोक.

"ही जाजांची नाही," ती पुटपुटली.

"काय?" टोबी घास गिळायचाच विसरला.

"ही दुसरी आहे. कुणीतरी बदललीय!"

"कशावरून?"

"ते विचारू नका. मला सांगता येणार नाही. पण ही आपली नाही!"

टोबीनं तोंड उघडलं, पण पाहुआनं त्याच्या पायावर पाय दिला. "ती म्हणतेय ना! चला, टेशना विचारू."

मिस्टर टेश दाराशी तिकिटं फाडत उभे होते. मुलांचं ऐकून ते खो खो हसले. "बदलली? अगं, पेटीची किल्ली माझ्या खिशात आहे!"

"कुणालाच दिली नव्हती?" पाहुआनं विचारलं.

"कुणालाच नाही! म्हणजे... हॅस्किन्सनं सकाळी आतून काच पुसून दिली, तेवढंच. पांढरे हातमोजे घालून हं! इतका व्यवस्थित माणूस. क्यू जमवण्यात अख्खं आयुष्य घालवलंय त्यानं."

"आणि तुम्ही तिथेच होतात?"

"मी कॉफी आणायला..." टेश एकदम चिडले. "हे बघा, क्यूवर गोरेकीची सही आहे. मी स्वतः बघितली. संपला विषय!"

"पण पाती बघा ना!" हलिनाच्या तोंडून निघून गेलं.

"पात्यांचं काय?"

हलिनाला शपथ आठवली. तिच्या डोळ्यांसमोर जाजांचा तो शेगडीपुढचा चेहरा आला. "काही नाही," ती म्हणाली.

"मग पळा! लोकांना वाट द्या."

मुलं बाहेर आली. ऊन रणरणत होतं. हॅस्किन्सची हिरवी गाडी जिथे सकाळी उभी होती, ती जागा रिकामी होती.

"अरे देवा! तो तर सामान भरत होता मघाशी," टोबी म्हणाला. "मला लिंबाची गोळी दिली त्यानं. म्हणाला, दुपारच्या बोटीनं मिशिगनला चाललोय."

तिघांनी एकदम धक्क्याच्या दिशेनं बघितलं. घरांच्या छपरांवरून बोटीचा धूर दिसत होता. एकदा ती सरोवरात शिरली की संपलंच!

"पण गाड्या बोटीवरची माणसं आत नेतात," पाहुआ विचार करत म्हणाली. "क्यू गाडीत असली तर आपण ती शोधणार कशी?"

"गाडीत नसणार!" हलिना ताडकन म्हणाली. "उन्हात तापलेल्या गाडीत? लाकूड वाकतं त्यानं! क्यू जमवणारा कुठलाही माणूस असं करणार नाही. चोर असला तरी नाही! तो ती हातात घेऊनच चढेल."

"मग आपल्याला एक मोठं माणूस हवं. आपलं कोण ऐकणार तिथे?"

"टेशना मी आणतो," टोबी म्हणाला. त्याचे डोळे चमकायला लागले होते. हे लक्षण त्याच्या घरी कुणालाच आवडायचं नाही.

"आणि मी जाजांना आणते," पाहुआनं सायकल उचलली.

"नको! जाजा नकोत!" हलिना ओरडली.

पाहुआनं तिच्याकडे रोखून बघितलं. "हलिना, वस्तू त्यांची आहे. त्यांना कळायला नको?" आणि उत्तराची वाट न बघता ती निघूनसुद्धा गेली.

टोबी धापा टाकत टेशपुढे जाऊन उभा राहिला. पंधरा पावलांवरून आल्यावर इतकी धाप कशी लागते, हे त्यालाच ठाऊक!

"मिस्टर टेश! मिस्टर हॅस्किन्स धक्क्यावर लोकांना एक क्यू दाखवतायत! म्हणतायत, असली क्यू टेशच्या प्रदर्शनात औषधालासुद्धा नाही!"

"काय म्हणाला?" टेशचे कान लालबुंद झाले. "माझ्या प्रदर्शनात? रूडी, ऐकलंस का? चल, बस गाडीत! बघूच तरी कसली क्यू आहे ती!"

रूडी ब्रांट हे जाजांच्या वयाचे कारागीर. चाळीस वर्षं दोघांमध्ये चुरस होती, कोणाची क्यू सरस यावरून. तेही टोपी चढवून निघाले. हलिना आणि टोबी न विचारताच मागच्या सीटवर घुसले.

"ही थाप उघडी पडली की माझं काही खरं नाही," टोबी कुजबुजला.

"आणि मी बोलले तर माझं," हलिना म्हणाली.

धक्क्यावर ही गर्दी! बोटीचा भोंगा एकदा वाजून गेला होता. माणसं रांगेनं फळीवरून चढत होती. आणि रांगेत, उन्हातसुद्धा कोट घातलेले, काखेत काळी चामडी पेटी धरलेले हॅस्किन्स उभे होते.

"काय रे लोवेल हॅस्किन्स!" टेश लांबूनच गरजले. "कसली क्यू दाखवतोस लोकांना? आम्हालाही दाखव की!"

हॅस्किन्सच्या चेहऱ्यावरून काहीतरी सर्रकन गेलं. पण क्षणभरच. "मी? मी कुणालाच काही दाखवलं नाही."

टेशनी मागे वळून बघितलं. टोबी एकदम आकाशातले पक्षी मोजायला लागला.

"त्या पेटीत माझ्या जाजांची क्यू आहे!" हलिना म्हणाली.

रांगेतली माणसं वळून बघू लागली. हॅस्किन्स मात्र गोड हसले. "बाळ, तुझी नजर चांगली आहे हं! आहे खरी तशीच क्यू. नक्कल आहे ती. पत्रकातला फोटो देऊन एका पोराकडून मशीनवर करून घेतली, माझ्या घरच्या भिंतीसाठी. स्टॅन खरी विकत नाही, मग काय करणार? खरी आहे तुमच्या काचपेटीत."

"हात्तिच्या!" टेशनी सुटकेचा श्वास सोडला. "ऐकलंस ना पोरी? झालं समाधान?"

भोंगा पुन्हा वाजला. रांग पुढे सरकली. हॅस्किन्सनी फळीवर पाय ठेवला. अजून चार पावलं, आणि जाजांची क्यू सरोवरापलीकडे!

तेवढ्यात हलिनाच्या वांडा आत्याची गाडी धक्क्यावर येऊन थांबली. पाहुआनं दार उघडलं आणि जाजा खाली उतरले. ते इतके जवळ उभे होते की इथलं प्रत्येक अक्षर त्यांना ऐकू जाणार होतं.

हलिनाला रडू फुटणार होतं. सांगावं तर जाजांची मान सगळ्यांपुढे खाली जाणार. आणि न सांगावं तर?

"थांबा!" ती किंचाळली. "मिस्टर हॅस्किन्स, तुमची नक्कल फोटोवरून केलीय ना? अगदी फोटोसारखी?"

"हुबेहूब."

"मग तिची चारही पाती सारखी असणार!"

"अर्थात."

"तर मग उघडून दाखवा!" हलिना आता थांबणार नव्हती. "कारण जाजांच्या क्यूचं एक पातं आखूड आहे! फोटोत ते दिसत नाही. काचपेटीतल्या क्यूची चारही सारखी आहेत. जिचं पातं आखूड, ती खरी!"

रूडी ब्रांटनी जाजांकडे बघितलं.

आणि हॅस्किन्स मोठमोठ्यानं हसायला लागले. "आखूड? गोरेकीचं पातं? टेश, ऐकलंस का? अरे, आयुष्यभर मी या माणसाच्या क्यू बघतोय. याचं पातं आखूड असेल तर मी आत्ता ही पेटी सरोवरात फेकून देईन!"

त्यांनी स्वतःच पेटीची कडी उघडली. पांढरे हातमोजे चढवले. दोन तुकड्यांत सुट्या केलेल्या क्यूचा जाड भाग बाहेर काढून टेशच्या नाकापुढे धरला आणि सावकाश फिरवायला सुरुवात केली. "हे पहिलं. हे दुसरं. हे तिसरं, बघ, टोकाला टोक. आणि हे..."

त्यांचा अंगठा थांबला. हसूही थांबलं.

टेशनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. "आखूड आहे," ते हळूच म्हणाले. "रूडी, बघ तू. आखूड आहे!"

"पु... पुसताना अदलाबदल झाली असेल," हॅस्किन्स चाचरले.

"अदलाबदल?" टेश कडाडले. "लोवेल, नक्कल तुझ्या भिंतीसाठी होती ना? मग ती माझ्या काचपेटीपाशी आलीच कशी?"

धक्क्यावरचा पोलीस गर्दीतून वाट काढत पुढे आला आणि त्यानं हॅस्किन्सचा कोपर धरला. तिसरा भोंगा झाला. हिरवी गाडी पोटात घेऊन बोट सुटली, तिचा मालक मात्र इथेच राहिला.

"पेटी सरोवरात कधी फेकणार?" टोबीनं अगदी अदबीनं विचारलं.

हलिना मात्र मान खाली घालून उभी होती. जाजांचे बूट तिच्या समोर येऊन थांबले.

"जाजा, मी शपथ मोडली."

"ऐकलं मी."

"मला दुसरं काही सुचलंच नाही हो!"

जाजांनी क्यू हातात घेतली. हात थरथरत होते आणि सगळे ते बघत होते. मग रूडी ब्रांट घसा खाकरत पुढे आले.

"स्टॅन, हे तू इतके दिवस लपवलंस?"

"लपवलं."

"मूर्खा! माझ्या निम्म्या क्यूंची पाती लहानमोठी आहेत. वर नक्षी बसवतो आणि झाकून टाकतो मी! चाळीस वर्षं मला वाटायचं की तुझंच तेवढं कधी चुकत नाही. झोप लागायची नाही मला त्या पायी!"

आधी वांडा आत्या हसली, मग टेश, मग सगळा धक्का. जाजांनाही हसू आलं. पण ते हलिनाच्या समोर वाकले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"चूक माझी, आणि तिचं ओझं एवढ्याशा पोरीच्या डोक्यावर ठेवलं मी. तू शपथ मोडलीस ते फार बरं केलंस. मी ती घ्यायलाच नको होती."

संध्याकाळी हॉल खच्चून भरला होता. टेशनी सगळ्यांपुढे तिन्ही मुलांची माफी मागितली, पाहुआच्या प्रसंगावधानाचं कौतुक केलं आणि टोबीला म्हणाले, "तुझी थाप माफ! आज पोटाला तडस लागेपर्यंत सॉसेज खा." टोबीनं ते आधीच सुरू केलं होतं.

मग जाजा मंचावर चढले. सत्काराचं मानचिन्ह त्यांनी वांडा आत्याच्या हातात दिलं आणि हलिनाला वर बोलावलं. ती लाजत लाजत त्यांच्या शेजारी उभी राहिली. जाजांनी क्यू उचलली आणि ते आखूड पातं सगळ्यांच्या समोर येईल अशी फिरवून धरली.

"नीट बघून घ्या," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "इथे माझा हात थरथरला. आणि ही माझी नात हलिना. माझा हात थरथरला तेव्हा ही माझ्याजवळ होती."

पहिली टाळी रूडी ब्रांटनी वाजवली.