पाचवी ओळ

दुपारी ठमी झोपली की मला दीड तास मिळतो. तान्ह्या बाळांचे श्वास मोजणाऱ्या यंत्राचा प्रोग्राम मी घरूनच लिहिते, आणि चाचणीसाठी सेन्सर असतो तो ठमीच्याच गादीखाली. पोरीवर कसले प्रयोग करतेस, असा सासूबाईंचा टोमणा ठरलेला. खरं म्हणजे तो आकडा समोर असल्याशिवाय मलाच चैन पडत नाही. मिनिटाला अठ्ठावीस.

त्या दिवशी प्रोग्राम रेंगाळत होता. प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरने तयार केलेल्या सूचना उघडल्या, तर मोजणीच्या भागात एकच ओळ चार वेळा: प्रोसेसरच्या या रजिस्टरमधल्या, म्हणजे आकडा ठेवायच्या कप्प्यातल्या, आकड्याची नक्कल त्या रजिस्टरमध्ये ठेव. त्यातून निष्पन्न काहीच नव्हतं. ऑफिसातले सर फोनवर म्हणाले, राहू दे, हल्लीचे प्रोसेसर आकडा हलवतच नाहीत, त्यालाच आणखी एक नाव देतात. पण फुकटच्या सूचनेलाही रांगेत जागा लागतेच. मी दोन ओळी काढल्या.

वेग किंचित वाढला. आकडा चौदावर आला.

नक्कल काढून उत्तर बदलत नाही, हे मी कॉलेजात शिकले आहे. तरी धावत आत गेले. ठमीच्या छातीवर हात ठेवून घड्याळ लावलं. चौदा. ओठ फिकट पडले होते.

"गाढ झोपलीये," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

परत येऊन मी ओळी चिकटवल्या. घाईत दोनाऐवजी तीन चिकटल्या.

पस्तीस.

आत जाऊन पुन्हा मोजले. ठमीचे अठ्ठावीसच होते, ओठही गुलाबी. मग कान खाली नेला. तिच्या भरभर श्वासांमध्ये एक संथ श्वास येत होता, मिनिटाला सात, पाळण्याच्या दुसऱ्या बाजूने.

पाचवी ओळ काढायला बसले. पाचही ओळी हुबेहूब सारख्या. आता त्यांतली ठमीची कुठली नाही, ते मला कळेना.

"आई, काय करू?"

"आहे तसं राहू दे," त्या एवढंच म्हणाल्या.

तेव्हापासून मी त्या फाइलला हात लावलेला नाही. सासूबाई मात्र आता दोन्ही हातांनी थोपटतात, एक हात ठमीच्या पाठीवर, दुसरा रिकाम्या बाजूला.

आज सकाळपासून आकडा छत्तीस आहे. ठमीचे सत्तावीस.