दहाव्या मिनिटाला अडकणारी शर्यत

"आप्पा, वळा! वळा की! तळ्यात चाललाय तुमचा ट्रॅक्टर!"

गुरुशांत आप्पांनी घाईनं बटण दाबलं, तेही चुकीचं. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा ट्रॅक्टर थेट पाण्यात! त्यांची लेक धनलक्ष्मी, म्हणजे धनू, पोट धरून हसली.

"परत हरलात!"

"अगं, तहान लागली होती त्याला," आप्पा म्हणाले आणि घरामागच्या शेडकडे वळले. तिथे त्यांचे टॉवेलचे सहा यंत्रमाग होते.

तो मार्चमधला साधासा रविवार. सोमवारी आप्पांच्या छातीत कळ आली आणि ते दवाखान्यातून परत आलेच नाहीत.

मे महिन्याची सुट्टी लागली, तरी धनूचा पाय एका जागी ठरेना. खोलीतून अंगणात, अंगणातून खोलीत! कारण उद्या सकाळी कॉम्प्युटर घरातून जाणार होता. हल्ली शर्यत सुरू झाली, की तो दहाव्या मिनिटाला अडकायचा. दुरुस्तीवाल्या सिद्धप्पांनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं होतं, "बोर्ड गेलाय. हा देऊन टाका, लॅपटॉप घ्या." राजशेखर काकांनी मानही डोलावली होती.

"माझ्या मोबाइलवर खेळ की," टेंभुर्णीहून आलेली मामेबहीण पूनम म्हणाली.

"मला हाच हवा!" धनू खेकसली. आप्पा शेजारी बसून हरायचे ते ह्याच्यासमोर. पण हे ती कुणाला सांगत नव्हती. आप्पांचं नाव काढलं की तिची आई, अव्वा, रडेल, म्हणून ती ते नावच काढत नव्हती.

"मग चिडतेस कशाला? शोधू या की!" शेजारचा सिद्धू बाह्या सरसावत म्हणाला.

घड्याळ लावून शर्यत सुरू झाली. नऊ मिनिटं चाळीस सेकंद, आणि ट्रॅक्टर गोगलगाय! त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, अर्धा तास थांबले, पुन्हा लावला. पुन्हा दहा मिनिटं सुसाट!

"बोर्ड गेला असता, तर विश्रांती घेऊन बरा कसा झाला असता?" पूनमनं विचारलं.

सिद्धूनं सीपीयूच्या डब्याला हात लावला. "आई गं! तवा हाय तवा!"

"सोलापूरचा मे आहे. माझंही डोकं तापलंय!" पूनम म्हणाली.

"गेल्या मेमध्ये तासभर खेळायचो आम्ही," धनू म्हणाली. "मग आता काय बदललं?"

तिघांनी डब्याकडे नीट पाहिलं. त्याच्या पाठीवर जाड चादर होती. धूळ बसू नये म्हणून अव्वानं मार्चमध्ये घातली, ती मागच्या बाजूनं कुणी उचललीच नव्हती! चादर काढली. ट्रॅक्टर चौदा मिनिटं पळाला आणि मग अडकला.

"चार मिनिटं वाढली!" सिद्धू नाचलाच. "पण चोर अजून आतच हाय!"

वायर काढली, स्क्रू सोडवले, झाकण उघडलं.

"अय्यो! आत उशी कुणी ठेवली?" पूनम किंचाळली.

मागांवरून उडणारा कापसाचा तूस पंख्याखाली थरावर थर बसला होता. इतके दिवस पंखा फिरत होता, पण हवेला वाटच नव्हती!

एवढ्यात शेडमध्ये काम करणाऱ्या केराबाई डोकावल्या. "अगं बया, किती तूस ह्यो! मालक असताना शेडच्या दर सुट्टीला माग साफ झाले, की ह्यो डबा उचलून आणायचे. ब्लोअरनं हवा मारायचे. मला म्हणायचे, पोरीला सांगू नका, खेळ थांबला म्हणून वरडंल."

धनूनं तुसाची अख्खी गादी अलगद उचलून बाजूला ठेवली. मग तिनं विचारलं, "ब्लोअर कुठे आहे?"

ब्लोअर शेडमध्ये होता आणि शेडच्या दारात टॉवेलच्या गाठोड्यावर काका घोरत होते! सिद्धू त्यांच्या पायांवरून मांजरासारखा आत गेला नि ब्लोअर घेऊन तसाच बाहेर आला. अंगणाच्या पार टोकाला पूनमनं पेन्सिलीनं पंखा अडवून धरला, धनूनं हवा मारली. तुसाचा ढग उठला आणि सिद्धू पांढरा म्हातारा झाला!

सकाळी सिद्धप्पा पिशवी घेऊन आले, तेव्हा शर्यत चालू होती.

"हे चालायचं नाही. दहा मिनिटांत अडकेल बघा," ते काकांना म्हणाले.

"आत्ता त्रेचाळिसावं मिनिट चालू आहे," धनू म्हणाली. "तुम्ही झाकण उघडून पाहिलं होतं का हो?"

"अं... त्याची काय गरज?"

पूनमनं तुसाची गादी त्यांच्या हातात ठेवली. "ही गरज!"

काकांनी सिद्धप्पांकडे पाहिलं. सिद्धप्पांनी कान पकडले. "चुकलो, राजशेखरअण्णा. पोरांनो, सुट्टीभर माझ्या दुकानात या की!"

"शाबास रे पोरांनो!" काका खूश झाले. "धनू, ह्या गेमपायी केवढी धडपड केलीस! कॉम्प्युटर कुठे जात नाही आता. बस, पोटभर खेळ!"

धनू बसली नाही. स्वयंपाकघराच्या दारात अव्वा उभी होती.

"गेमपायी नाही, काका," धनू म्हणाली. ती अव्वाजवळ गेली. "अव्वा, मला आप्पांची आठवण येते. रोज येते."