चहानंतर भरकटणारी बोट

“उत्तराबाई, कुठे निघालात आम्हाला घेऊन? व्हेनेझुएलाला?”

केबिनच्या दारातून गुरुदत्तकाकांचं डोकं वर आलं आणि उत्तरा दचकली. तिची नजर होकायंत्रावरच होती. काकांनी सांगितलेला आकडा अगदी रेघेवर होता. तरी समोर यायला हवं ते बेट कधीच उजव्या हाताला राहिलं होतं.

“काका, आय स्वेअर, मी कंपास बघूनच चालवतेय.”

“कालही हेच म्हणालीस. हो बाजूला.”

काकांनी सुकाणू घेतलं. मग प्रवासाच्या नोंदींची वही उघडून त्यांनी लिहिलं, ‘३.२०. उत्तराचं लक्ष नाही. बोट भरकटली.’ शिवाय मोठ्यानं वाचूनही दाखवलं.

वर्ष १९८४, नाताळची सुट्टी. काका मिशिगनमधल्या, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयचे, गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. तिथल्या तळ्यावर शिडाची बोट चालवायला शिकले आणि तेव्हापासून स्वतःला दर्यासारंग समजायला लागले. उत्तरा आणि तिचा नऊ वर्षांचा भाऊ रवी त्यांच्या शेजारचे. दोघांचे आईबाबा डॉक्टर. नाताळात हॉस्पिटलची ड्यूटी आपल्या लोकांनीच घ्यायची, हा तेव्हाचा अलिखित नियम. म्हणून काकांनी दोघांना आपल्या कुटुंबाबरोबर व्हर्जिन बेटांवर आणलं होतं. भाड्याची बोट, काका, सुमेधाकाकू, त्यांचा चौदा वर्षांचा विक्रम आणि ही दोघं.

काय दिवस होते ते! सकाळी उठावं तर बोटीखाली पोपटी पाणी आणि तळाशी हिंडणारं कासव. दुपारी ओल्या टॉवेलांच्या रांगेखाली पत्ते. आणि वाट सांगणारा फोन कुणाच्या खिशात नव्हता. होता तो एक नकाशा आणि केबिनच्या बाहेरच्या भिंतीत बसवलेलं होकायंत्र.

या होकायंत्राला काका देवासारखं जपत. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, “याच्याजवळ लोखंड नको, लोहचुंबक नको. सुई फसते.” मग विक्रमचा वॉकमन जप्त झाला, रवीचा खिशातला चाकू जप्त झाला. विक्रमनं तीन दिवस तोंड फुगवलं होतं.

पण आता उत्तराला धास्ती होती ती त्या वहीची. जानेवारीत महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला काका सहलीच्या स्लाइड्स दाखवणार होते आणि वही वाचणार होते. सगळं डेट्रॉइट जमणार. आईबाबा पहिल्या रांगेत. आणि निघताना तिनं बाबांना सांगितलं होतं, “सेंट क्रॉय बेटाच्या बंदरात बोट मी नेणार.” बारा वर्षांच्या माणसाला शब्द फार मोठा असतो.

“उद्या सेंट क्रॉय,” काकांनी रात्रीच्या जेवणाला जाहीर केलं. “चाळीस मैल उघडा समुद्र. मधे जमीन दिसायची नाही. सुकाणू मी धरणार, नाहीतर विक्रम. उत्तरा, तू आराम कर.”

“दॅट्स नॉट फेअर,” रवी पुटपुटला. उत्तराला रडायचं नव्हतं, म्हणून तिनं पानातली मिरची चावून खाल्ली.

नंतर विक्रम तिच्याजवळ येऊन बसला. “यार, काहीतरी गडबड आहे. मी सकाळी चालवतो तेव्हा बोट सरळ जाते. तू दुपारी चालवतेस तेव्हाच वाकडी. आणि तू माझ्यापेक्षा चांगली चालवतेस, आय हेट टू से इट.”

“तीन वाजताच का चुकतं मग?” उत्तरा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला नांगर उचलला. बोट थेट दक्षिणेला निघाली. तासाभरात मागची बेटं धुरकट झाली, पुढे नुसतं निळं पाणी. डावीकडून वारा, डावीकडूनच लाटा, आणि बोट अशी डोलायला लागली की विक्रमला मळमळू लागलं.

“थांब, आल्याचा चहा करते,” म्हणत काकू खाली गेल्या. खालून ठाक ठाक आवाज आला. सगळ्यांना गरमागरम चहा मिळाला.

रवी उजवीकडच्या बाकावर पाय पसरून बसला होता. सकाळपासून डोलकाठीची सावली त्याच्या पायांवर होती. चहा संपता संपता उत्तरानं बघितलं, तर सावली सरकून सुकाणू धरलेल्या काकांच्या शर्टावर आली होती. वर शीड फडफडायला लागलं होतं.

“वारा फिरला,” म्हणत काकांनी दोर ताणला.

उत्तरानं होकायंत्राकडे पाहिलं. आकडा दक्षिणच दाखवत होता.

“काका, वारा फिरला असेल. पण ऊनही फिरलं का?”

“म्हणजे?”

“सावली बघा. ती रवीच्या पायांवर होती. सूर्य पाच मिनिटांत एवढा सरकत नाही. बोट वळलीय, डावीकडे.”

“आकडा दिसतोय ना तुला? आता तू मला शिकव.”

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि आता खुद्द चोराच्याच, त्या होकायंत्राच्याच, हाताला धरून काका चालले होते. आत्ता तीन वाजले नव्हते. सुकाणू तिच्या हातात नव्हतं. मग दोन्ही वेळी सारखं काय होतं? तिनं हातातल्या रिकाम्या कपाकडे पाहिलं. काल आणि परवाही दुपारचा चहा नुकताच झाला होता.

“रवी,” ती हळूच म्हणाली, “खाली जा. काकूंनी चहानंतर जे जे ठेवलं असेल ते एकेक करून या भिंतीपासून लांब ने. प्रत्येक वेळी हाक मार.”

रवी गेला. “पातेलं!” होकायंत्र ढिम्म. “गाळणं!” काही नाही. मग बऱ्याच वेळानं धापा टाकत, “खलबत्ता! इट्स सो हेवी!”

होकायंत्राची तबकडी गरकन फिरली. काका बघतच राहिले.

“परत ठेव,” उत्तरा म्हणाली. तबकडी परत फिरली. “काढ.” पुन्हा फिरली.

केबिनच्या भिंतीला आतून एक कोनाडा होता, बरोबर होकायंत्राच्या पाठीमागे. नांगरावर बोट स्थिर असली की काकू खलबत्ता मोरीखालच्या कपाटात ठेवत. पण चालत्या बोटीत तो गडगडायचा, म्हणून चहा झाला की त्या तो या कोनाड्यात टॉवेलात गुंडाळून बसवायच्या. सासूबाईंनी दिलेला तो लोखंडी खलबत्ता साताऱ्याहून आला होता. त्याच्याशिवाय काकूंचा चहा होत नसे. काकांनी बोटीवरचं सगळं लोखंड हुडकून काढलं होतं, फक्त ज्याचा ठोका रोज कानांवर पडतो तेच विसरले होते. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

“अगंबाई,” काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, “म्हणजे पोरीला बोलणी माझ्यामुळे बसली?”

काकांनी नकाशावर पट्टी ठेवली आणि त्यांचा चेहरा उतरला. बोट अशीच गेली असती तर सेंट क्रॉय उजवीकडे कुठेतरी दिसेनासं राहिलं असतं आणि पुढे खरंच व्हेनेझुएलाच होता.

ते उठले. “ये, बस इथे.”

“मी?”

“बेट दिसेपर्यंत आणि बंदरात शिरेपर्यंत. चुकलं माझं, उत्तरा. दोन दिवस तू खरं सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही.”

मोठं माणूस असं बोललेलं तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं. काल रात्री आवरलेलं रडू आता आलं, आणि तिनं ते येऊ दिलं.

“बाबा,” विक्रमनं विचारलं, “आता माझा वॉकमन मिळेल?”

“नाही,” काका म्हणाले.

दुपारी समोर हिरवी रेघ उगवली, तिचे डोंगर झाले, डोंगरांवर घरं आली. उत्तरानं बोट बंदरात नेली.

संक्रांतीला मंडळाच्या अंधारलेल्या हॉलमध्ये स्लाइड्स खटखट सरकत होत्या. काकांनी वही वाचली. ‘उत्तराचं लक्ष नाही’ हेही वाचलं. आई चुळबुळली. मग काकांनी त्याखालची ओळ वाचली: ‘वरची नोंद खोटी आहे. लक्ष कॅप्टनचं नव्हतं. उत्तराच्या डोळ्यांमुळे आम्ही सहीसलामत पोचलो.’ हॉलभर टाळ्या पडल्या. बाबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते चष्मा पुसत होते.

हळदीकुंकवाला काकूंनी बायकांना वाण म्हणून एकेक गाळणं दिलं. उत्तराला मात्र टॉवेलात गुंडाळलेलं एक जड गाठोडं दिलं. “सांभाळ,” त्या म्हणाल्या. “आणि कुठे ठेवतेस ते बघून ठेव.”

आता काका नाहीत, काकूही नाहीत. प्लेनो शहरातल्या आपल्या घरी, मोठ्या स्वयंपाकघरात उत्तरा रोज तीन वाजता त्या खलबत्त्यात आलं कुटते. पहिला ठोका पडला की तिला बोटीवरचं ऊन आठवतं, आणि रवीच्या पायांवरची सावली.